वरची सळई

तात्या वर्गाच्या दारात उभे दिसले आणि मी आधी घड्याळाकडे बघितलं.

पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेला खाकी कागद. चपला त्यांनी दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्गाबाहेर चपला काढणारा माणूस तोवर कुणी पाहिला नसावा. मागच्या बाकावरचं टोळकं खुसखुसलं. एरवी मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं असतं. सिव्हिलच्या वर्गात आम्ही तिघीच मुली होतो. ऐकून घेत बसले असते तर दुसऱ्या वर्षापर्यंत पोचलेच नसते. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. दहाच्या आत यांना इथून बाहेर काढायचं.

दहाला मेढेकर सरांचा स्ट्रक्चरल अॅनालिसिसचा तास होता.

मी जवळजवळ धावतच दारात गेले. “तात्या, तुमी? न सांगता?”

“सांगून याला मी काय पावणा हाय व्हय?” ते हसले. “डोळं दाखवाय आलतो दवाखान्यात. डाक्तर बारानंतर भेटतोय म्हनं. म्हटलं, तवर लेकीचं कालेज बघावं. आईनं शेंगाची चटणी दिल्या आन् धपाटी.”

“मग चला, कँटीनला बसू.”

“थांब की. आदी हे बघ.”

त्यांनी दारातच कागद उलगडला. सिमेंटच्या पोत्याचा कागद होता तो. त्यावर पेन्सिलीनं आमच्या घराचा दर्शनी भाग काढलेला होता. तात्यांची शाळा चौथीतच सुटली, पण रेघ मारावी तर त्यांनीच. पट्टी न लावता ओळंब्यागत सरळ यायची. माडीच्या दारापुढे त्यांनी गॅलरी काढली होती. आठ फूट लांब, तीन फूट बाहेर.

“दिवाळी झाली की धरावी म्हंतो,” तात्या म्हणाले. “सात वर्सं त्या दाराला फळ्या ठोकल्यात. घराचं तोंड असं फुटल्यालं किती दीस ठेवायचं? औंदा सिमेंट लांबनं आणायचं. त्या भूपाल्याचं नाव नगं. तेवढं सळईचं तू गणित करून दे मला. इंजिनेर झालीस न्हवं?”

मी त्या पेन्सिलीच्या गॅलरीकडे बघत राहिले.

आमचं आडनावच गवंडी. आजोबा दगड-मातीत बांधायचे. तात्या सांगलीत सहा वर्षं स्लॅबच्या कामावर राहिले, सिमेंट-सळईचं काम शिकले आणि गावात पहिला स्लॅब त्यांनी टाकला. मग स्वतःचं घर बांधलं, त्यावर माडी काढली आणि माडीला गॅलरी. गावात तेव्हा कुणाच्याच घराला गॅलरी नव्हती. लोक वाट वाकडी करून बघून जायचे. तात्यांनीही ती पहिल्यांदाच केली होती, आणि ती शेवटचीच ठरली. सिमेंट भूपाल मगदुमांच्या दुकानातलं होतं. भूपालअण्णा म्हणजे तात्यांचे जिवाभावाचे दोस्त. एका पाटीवर शिकले, एका तालमीत घुमले.

दिनू माझा धाकटा भाऊ. त्या बेंदराला तो नऊ वर्षांचा होता आणि मी बारा. बेंदराच्या दिवशी शिंगं रंगवलेली, झुली घातलेली बैलं वाजतगाजत आमच्या गल्लीतून जातात. दिनूनं आठ-नऊ पोरं गोळा करून गॅलरीत नेली. मीही त्यांच्यात होते. “आक्के, खालनं गुलाल आण की, बैलावर टाकू,” दिनू म्हणाला. मी गुलाल आणायला निघाले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते तेव्हा आवाज झाला.

गॅलरी तुटून सुटी झाली नाही. बिजागरीवरचं झाकण खाली पडावं तशी ती भिंतीपाशी मोडून लोंबली आणि वरची पोरं गल्लीत सांडली. बाकीच्यांचे हातपाय मोडले. दिनू आमच्याच दारातल्या दगडी पायरीवर पडला होता.

तात्यांनी सगळ्या गावादेखत भूपालअण्णांची गचांडी धरली. “माती दिलीस मला! सिमेंट म्हनून माती दिलीस!” अण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि मान खाली घातली. गावानं त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. त्यांच्या दुकानाची पायरी कुणी चढेना. वर्षाच्या आत ते बंद पडलं. आई तर त्यांच्या नावानं ऊठसूट बोटं मोडायची, आणि दर बेंदराला जेवायची नाही.

मी सिव्हिलला गेले ती त्या गॅलरीमुळेच. खरं-खोटं सिमेंट कसं ओळखायचं, ते मला शिकायचं होतं.

शिकले ते भलतंच. तात्या आले त्याच्या दोन आठवडे आधी मेढेकर सर वर्गात गादीच्या फोमचा एक हातभर लांब तुकडा घेऊन आले होते. त्याच्या कडेला त्यांनी पेनानं उभ्या रेघा मारलेल्या होत्या. आधी त्यांनी हात वर करायला लावले. गॅलरीला सळई वर की खाली? साठातल्या पन्नासांनी ‘खाली’ म्हटलं. मीसुद्धा. माझ्या बापानं खालीच घातली होती, मला दुसरं काय ठाऊक असणार? मग सरांनी फोमचं एक टोक टेबलावर दाबून धरलं, दुसरं बाहेर सोडलं. ते वाकलं, आणि वरच्या अंगाला रेघा एकमेकींपासून फाकल्या. “जिथे फाकतंय तिथे ताण. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून सळई इथे. वर!”

मी वहीत आकृती काढत होते. वरच्या बाजूला सळईची रेघ मारली आणि हात तिथेच थांबला.

आमची गॅलरी उतरवेपर्यंत दोन दिवस तशीच भिंतीला लोंबत होती. ती कशाला धरून लोंबत होती, ते मला अजून दिसत होतं. सळयांना. आणि त्या सळया खालच्या अंगाला होत्या. वर एकही नव्हती.

सिमेंटात काही खोट नव्हती. माझा भाऊ माझ्या बापाच्या हातून गेला होता.

ते दोन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मेसमध्ये चपाती मोडायची आणि ताट सरकवायचं. मैत्रिणी म्हणायच्या, शालनला कावीळ झाली असणार. मला कावीळ नव्हती, भीती होती. तात्यांना हे कळलं तर हा माणूस जगायचा नाही, एवढं मला पक्कं कळत होतं. म्हणून मी ठरवून टाकलं होतं की हे माझ्याबरोबर संपवायचं. भूपालअण्णांवर अन्याय होत होता, तो होऊ द्यायचा. अठरा-एकोणीस वर्षांची पोर मी, माझी न्यायबुद्धी बापाच्या चपलेपाशी संपत होती.

“देते करून गणित,” मी कागद घाईघाईनं गुंडाळला. सळई वर घाला, नवा नियम आलाय म्हणून सांगता येईल, असा विचारही तेवढ्यात करून झाला. “पण आता चला तात्या. सर येतील.”

“येऊ द्या की,” मागून आवाज आला. मेढेकर सर उभे होते. काखेत फोमचा तुकडा होताच. आम्ही पोरं त्यांना गादीवाले म्हणायचो. “कोण हे?”

“वडील आहेत सर. निघालेच आहेत.”

“काय करता आपण?”

“गवंडी काम करतो, सायेब.”

सरांचा चेहरा असा उजळला की मला रडूच यायला लागलं. भला माणूस होता तो. आम्ही नुसती गणितं करतो, घरं ही माणसं बांधतात, असं ते नेहमी म्हणायचे. “मग निघालात कुठे? आत या. तास बसून बघा आमचा. आणि चपला घालून या हो, हे काही देऊळ नाही.”

“देऊळच की सायेब,” तात्या म्हणाले आणि अनवाणीच आत आले.

ते माझ्या शेजारी पहिल्या बाकावर बसले. पिशवी मांडीवर, पाठ ताठ. त्यांनी एकदा छताकडे बघितलं, तुळया मोजल्या, मग माझ्याकडे बघून मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच कॉलेजात बसले होते आणि तेही लेकीशेजारी. त्या पाच मिनिटांतले तात्या मी जपून ठेवलेत. नंतर ते तसे कधी दिसले नाहीत.

सर म्हणाले, “आज पुढचं गणित घेणार होतो. पण प्रत्यक्ष काम करणारा माणूस आलाय, तर आधी त्यांना विचारू. दादा, दोन भिंतींवर स्लॅब टाकला. सळई कुठे?”

“खाली. तळापासनं पाऊण इंच सोडून.”

“शाब्बास! ऐकलं का रे? तुम्हाला हे कळायला दोन तास लागले.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तात्या लाजले. मी उभी राहिले. “सर, गणित राहून जाईल. परीक्षेला...”

“बसा हो गवंडी. परीक्षा काय पळून जाते? हं दादा, आणि गॅलरीला?”

“खालीच की.” तात्यांनी क्षणाचाही विचार केला नाही.

वर्ग हसला. दोन आठवड्यांपूर्वी ज्या पन्नास जणांनी हेच उत्तर दिलं होतं, तेच हसले. सर खेकसले, “दात काढू नका! तुम्ही काय वेगळं सांगितलं होतं?” मग तात्यांना म्हणाले, “या, इकडे या. तुम्हाला गंमत दाखवतो.”

तात्या फळ्याजवळ गेले. सरांनी आधी दोन पुस्तकांवर फोम आडवा ठेवला आणि मध्ये दाबला. “हा तुमचा स्लॅब. बघा, खालच्या रेघा फाकल्या. म्हणून सळई खाली. तुमचं अगदी बरोबर.” मग त्यांनी फोमचं एक टोक टेबलाच्या कडेला दाबून धरलं. “आता ही गॅलरी. भिंत हीच, दुसरा आधार नाही. तुम्ही स्वतः दाबा टोकावर.”

तात्यांनी हात पुढे केला. सिमेंटनं फुटलेली बोटं, अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलेलं. त्यांनी फोमचं टोक हळूच दाबलं. मग सोडलं. मग परत दाबलं. या वेळी वाकून, डोळे बारीक करून वरच्या रेघांकडे बघत. मी बाकाची कड धरून बसले होते.

“वर फाकतंय,” तात्या म्हणाले.

“वर फाकतंय! म्हणून सळई?”

तात्यांनी टोक सोडलं, फोम सरळ झाला. त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं.

“आन् खाली घातली तर, सायेब?”

“तर नसल्यासारखीच. काँक्रीट थोडे दिवस तग धरतं, स्वतःचं वजन पेलतं. कुणाला काही कळत नाही. मग एक दिवस चार माणसं उभी राहिली की भिंतीपाशी मोडतं आणि खाली लोंबतं.” सरांनी हातानं फोम झटकन खाली सोडून दाखवला. “का हो? बघितलंय का असं कुठे?”

“व्हय. एका ठिकाणी.”

“मग? चूक कुणाची निघाली?”

“गवंड्याची,” तात्या म्हणाले.

ते परत येऊन माझ्या शेजारी बसले. सरांनी त्यांच्यासाठी पुन्हा टाळ्या वाजवायला लावल्या. पुढचा पाऊण तास तात्या फळ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या गुडघ्यावरच्या हाताकडे. तो हात मधूनमधून दाबायचा आणि सोडायचा. सरांना यातलं मी कधीच काही सांगितलं नाही. सांगून त्यांचं शिकवणं बिघडवायचं नव्हतं.

तास संपल्यावर तात्यांना चपला घालायला फार वेळ लागला. सायकल स्टँडपाशी एक कट्टा होता, तिथवर आम्ही चालत गेलो. ते बसले. मी उभीच होते.

“तुला कवा कळलं?”

“काय कळलं?”

“शाले.”

मला खोटं बोलता येईना. “दोन आठवडं झालं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, विचारतील, सांगितलं का नाहीस म्हणून. ते म्हणाले, “दोन आठवडं? मग एकली कशी ऱ्हायलीस गं एवढं दीस?”

मी तिथे, सायकलींच्या रांगेपुढे, हमसून हमसून रडले. तात्या रडले नाहीत. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढून माझ्या हातात दिला, आणि तो पेन्सिलीचा कागद घडी करून पिशवीच्या तळाशी घातला.

“दवाखाना नगं आता. गावाकडची गाडी कवा हाय?”

मी त्यांना एकटं सोडणार नव्हते. तास बुडवून त्यांच्याबरोबर गाडीत बसले. दीड तासाच्या वाटेत ते एकदाच बोलले, तेही खिडकीबाहेर बघत. “सळई बांधायची तार त्येनंच तोडून दिल्ती मला. दिनूनं. वीतवीत मोजून. एक तुकडा लहान-मोठा न्हवता.”

आमच्या थांब्याच्या आधीच, गावाच्या वेशीपाशी, ते उठले. मला कळलं कुठे जायचंय ते. सात वर्षांत त्या गल्लीत आमच्या घरातल्या कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

भूपालअण्णा बंद दुकानाच्या कट्ट्यावर सुपात शेंगा फोडत बसले होते. मागच्या भिंतीवर सिमेंटच्या जाहिरातीचा रंग अजून थोडा दिसत होता. आम्हाला बघून त्यांचा हात थांबला.

“रंगा,” ते म्हणाले. “बस.”

“बसत न्हाई.” तात्या रस्त्यातच उभे राहिले. “भूपाल, तुझं सिमेंट चांगलं हुतं.”

अण्णांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. “व्हय. चांगलं हुतं.”

“सळई चुकली. वर पायजे हुती, मी खाली घातली. माझ्या हातनं गेलं पोरगं.”

“म्हाईत हाय मला.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तात्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते दोन पावलं पुढे गेले. “काय म्हाईत हाय?”

“पंचनाम्याला मी पंच हुतो न्हवं? त्याच दिशी तालुक्याचा ओव्हरशेर आलता, बांधकाम तपासणारा सरकारी मानूस. त्यानं लोंबत्या गॅलरीकडं एकदा बघितलं आन् मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हनला, सिमेंट झकास हाय, गवंड्याला अक्कल न्हाई.” अण्णा सुपाकडे बघूनच बोलत होते. “मी म्हटलं, सायेब, हे कागदावर नगं. पोराचा बाप हाय त्यो. भला मानूस, त्यानं लिवलं न्हाई.”

“आन् तवाच मी तुझी गचांडी धरली.”

“तवाच धरलीस.”

“मग बोलला का न्हाईस? तोंड न्हवतं तुला? सात वर्सं गाव थुकलं तुझ्यावर! दुकान गेलं! मी तुला माती इकणारा म्हनलो!” तात्या ओरडत होते, जणू पुन्हा अण्णांचीच काही चूक निघाली होती.

अण्णांनी सूप बाजूला ठेवलं. “तोंडापत्तुर आलतं, रंगा. मग तुझ्या सदऱ्याकडं बघितलं. त्येचं रगात हुतं तुझ्या अंगावर. म्हटलं, पोरगं गेलं ते काय माघारी येत न्हाई. आन् हे सांगितलं तर ह्यो बी आज सांजपत्तुर हिरीत दिसायचा. दुकानाचं काय एवढं.”

तात्या कट्ट्यावर बसले, आणि मग रडले. दिनूला पोचवून आलो त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो काढलाच नाही. मी रस्त्यात उभी होते. इतकी वर्षं ज्या माणसाला आम्ही शिव्या दिल्या, तो माझ्या बापाला लहान पोरासारखा थोपटत होता. मला माझ्या स्वतःच्या गप्प राहण्याची लाज वाटली. मी दोन आठवडे गप्प बसले होते, तेही दुसऱ्याच्या जिवावर.

थोड्या वेळानं तात्यांनी तोंड पुसलं. “आता चावडीवर जाऊन सांगतो. आदी घरात सांगतो.”

“घरात न्हाई,” अण्णा एकदम कडक आवाजात म्हणाले. “गावात बी न्हाई. गावात सांगितलंस की घरात गेलंच.”

“तुझ्यावर किती दीस ठेवू?”

“माझ्यावर ऱ्हाऊ दे. सवं झाल्या मला. वैनीचा इचार कर. उद्या तिला तुझ्या हातनं पानी घ्यायचं हाय, तुझ्या ताटाला वाढायचं हाय. कशी वाढंल ती? ती माझ्या नावानं बोटं मोडती, तेवढ्यावर तर उभी हाय. मोडू दे.” मग माझ्याकडे वळले. “तू बी ऐकलंस न्हवं, पोरी? दिनूची शपथ हाय दोघास्नी.”

ती शपथ आम्ही पाळली. बरोबर केलं की चूक, ते मला आज पन्नाशीतही ठरवता आलेलं नाही. मी स्वतः आता हाच विषय शिकवते. फोम मात्र वर्गात नेत नाही, फळ्यावर काढून भागवते.

गॅलरी झाली नाही. तात्यांनी दिवाळीनंतर सांगून टाकलं, डोळ्यांना झेपायचं नाही. त्या दाराच्या फळ्या तशाच राहिल्या. रोज कलत्या उन्हाला ते घरातून निघायचे, मळ्याकडून वळसा घालून मागच्या वाटेनं भूपालअण्णांच्या कट्ट्यावर जायचे. “रोज कुठं जाता वो?” आई विचारायची. “पाय मोकळं करून येतो.” आणि बेंदराला आई चुलीपुढे बसून अण्णांचा उद्धार करायची तेव्हा तात्या समोर बसून मान खाली घालून सगळं ऐकायचे. उठून जायचे नाहीत. तीस वर्षांत एकदाही गेले नाहीत.

चार वर्षांपूर्वी आई गेली. तीन दिवस आधी, सकाळी जरा हुशारी आली होती तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. तात्या उशाशी बसलेले होते.

“शाले, त्या भूपालला सांग,” आई म्हणाली. “म्हनावं, मी मनातनं काढून टाकलं. त्यानं काय मुद्दाम केलं न्हवतं. मी लई वंगाळ बोलले त्याला. म्हनावं, दिनूच्या आईनं माफ केलं.”

तात्यांचे ओठ हलले. मी त्यांच्याकडे बघितलं. खोलीत आम्ही तिघंच होतो.

“काय म्हंताय?” आईनं विचारलं.

“काय न्हाई,” तात्या म्हणाले. त्यांनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं, तिची मान उचलून धरली आणि घोट घोट तिला पाजलं.

आईचे दिवस झाल्यावर मी भूपालअण्णांकडे गेले, समोरच्या रस्त्यानं. ऐंशी उलटलेली, नजर अधू झालेली. त्याच कट्ट्यावर बसले होते. मी आईचा निरोप जसाच्या तसा सांगितला. सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निरपराध माणसाला माफीचा निरोप पोचवायला आले होते मी.

अण्णांनी आवाजाच्या रोखानं मान वळवली.

“माफ केलं म्हनली?”

“व्हय, अण्णा.”

“नाव घेऊन म्हनली?”

“व्हय. भूपालला सांग म्हनली.”

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. “बरं झालं गं पोरी. लई जीव हलका झाला माझा.” मग भिंतीला हात लावत ते काठी चाचपू लागले. “हात दे मला. आता तुमच्याकडं समोरच्या दारानं येता येतंय. रंगा एकला बसला असंल.”